कूर्गच्या वडिलोपार्जित बंदुका

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम काय येते? वाडवडिलांची वाडी, विहिरीचा हिस्सा, आजीचे दागिने आणि घरातल्या वेदीवरचा काळवंडलेला जुना क्रूस. आमच्या धर्मग्रामात घरांना आशीर्वाद देण्यासाठी फिरताना या गोष्टी आम्ही शेकडो वेळा पाहिल्या आहेत. त्यांतील काहींवरून भावाभावांत लागलेले तंटे मिटवण्याचा प्रसंगही आमच्यावर आला आहे. परंतु बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे बंदूक जावी, तिची वर्षातून एकदा फुले वाहून पूजा व्हावी आणि तिच्या एका बारावरून गावाला कळावे की अमक्याच्या घरी मुलगा जन्मला, असा वारसा आम्ही आमच्या आयुष्यात एकाच प्रदेशात पाहिला. तो प्रदेश म्हणजे कर्नाटकातील कोडगू, ज्याला आपण इंग्रजांच्या सवयीने कूर्ग म्हणतो.

सेमिनरीतील आमचे एक जुने सोबती मूळचे मंगळूरकडचे. त्यांच्या आग्रहावरून आम्ही काही वर्षांपूर्वी विराजपेठला गेलो होतो. तेथील संत अॅन यांचे मंदिर पाहून झाल्यावर ते आम्हांला एका कोडव कुटुंबाच्या मूळ घरी घेऊन गेले. अशा मूळ घराला तेथे 'ऐनमने' म्हणतात. भातखाचरांच्या वर, कॉफीच्या मळ्याच्या कडेला, कोरीव लाकडी खांबांचे ते घर होते. घराजवळच मूळ पुरुषाचे छोटेसे देवस्थान होते. त्या मूळ पुरुषाला कोडव लोक 'कारणव' म्हणतात आणि कुळाला 'ओक्का'. घरच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी आमचे प्रेमाने स्वागत केले, कॉफी दिली आणि मग भिंतीवरची एक लांब नळीची, ठासणीची बंदूक दोन्ही हातांनी खाली घेऊन आमच्यापुढे धरली. "फादर, हिला आधी आम्ही नमस्कार करतो, मग हात लावतो," ते म्हणाले.

आम्ही क्षणभर गोंधळलो. शस्त्राला नमस्कार करावा की नाही, हा प्रश्न आमच्या मनात आला हे आम्ही लपवत नाही. पण त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर मग्रुरी नव्हती. आपली वृद्ध आई पाहुण्यांना भेटवावी तसा भाव होता. त्या दिवसापासून या बंदुकांचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचत आलो. तो इतिहास आपल्या ख्रिस्ती समाजालाही येऊन भिडतो, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हातातली बंदूक पश्चिम किनाऱ्यावर रुजवण्यात पोर्तुगीजांचा वाटा मोठा आहे. १५१० साली गोवा घेतल्यानंतर अल्बुकर्कला तेथील शस्त्रशाळेत इतके निष्णात कारागीर आढळले, की त्याने त्यांच्या बंदुकीचा नमुना पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. उत्तरेत १५२६ च्या पानिपताच्या लढाईत बाबराने तोफा-बंदुका वापरल्या. त्या काळची बंदूक तोड्याची असे. नळीत तोंडाकडून दारू आणि गोळी घालून ती गजाने ठासायची, बाजूच्या कानात रंजक भरायची आणि पेटती जामगी तिला लावायची. पावसात जामगी विझली की बंदुकीची काठी झाली! पुढे चकमकीच्या गारेची बंदूक आली. तिच्यात चाप ओढला की गार पोलादावर आपटे आणि ठिणगी पडे. एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक आली आणि नंतर मागच्या बाजूने काडतूस भरायची. कूर्गमध्ये आम्ही पाहिलेली ती बंदूक टोपीची होती.

बंदूक येण्यापूर्वीही कोडव हा शस्त्रे बाळगणारा शेतकरी होता. त्याच्या कमरेला पाठीमागे 'ओडिकत्ती' हा रुंद पात्याचा कोयता आणि पुढे 'पीचेकत्ती' ही खंजिरी असे. राजाने त्याला जमीन दिली ती 'जम्मा' पद्धतीने. जमीन वंशपरंपरेने कुळाची, आणि तिच्या मोबदल्यात हाक येताच शस्त्र घेऊन हजर राहण्याचे कर्तव्यही वंशपरंपरेने कुळाचेच. म्हणजे जमीन आणि शस्त्र हे एकाच दानाचे दोन भाग होते. म्हणूनच तेथे बंदूक ही एका माणसाची हौस कधीच नव्हती. ती कुळाच्या जमिनीच्या कागदासारखी होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या डोंगराळ मुलखावर म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या स्वाऱ्या झाल्या. कोडवांनी पुन्हा पुन्हा बंड केले आणि त्यांच्यापैकी हजारोंना कैद करून श्रीरंगपट्टणला नेण्यात आले. नेमक्या याच काळात आपल्या मंगळूरच्या कॅथोलिक बांधवांवरही तीच पाळी आली. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात त्यांनी इंग्रजांना मदत केली असा टिपूचा संशय होता. १७८४ साली, परंपरा सांगते की राखेच्या बुधवारी, कानडा प्रांतातील कॅथोलिक कुटुंबे पकडण्यात आली, मंदिरे पाडण्यात आली आणि स्त्रिया, मुले, म्हातारे या सर्वांना घाट चढून श्रीरंगपट्टणकडे चालवत नेण्यात आले. कैद्यांच्या संख्येविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. तीस हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत आकडे दिले जातात. कितीतरी जण वाटेतच गेले आणि कितीतरी कैदेत.

त्याच श्रीरंगपट्टणमध्ये त्या वेळी हिंदुस्थानातील उत्तम बंदुका घडत होत्या, हा इतिहासातील एक कडवट योगायोग आहे. टिपूला यंत्रांची आणि शस्त्रविद्येची विलक्षण आवड. त्याने फ्रान्सच्या सोळाव्या लुईकडे वकील पाठवले. ते १७८८ साली राजाला भेटले आणि परतताना कारागीर बरोबर घेऊन आले. टिपूच्या खास शस्त्रागारातील बंदुकांवर वाघाचे पट्टे आणि वाघाची मुखे कोरलेली असत. नळीवर घडणीचे वर्ष आणि राजधानीचे नाव असे. एकाच नळीतून लागोपाठ दोन बार काढता येतील, अशा बंदुकाही त्याच्या कारागिरांनी बनवल्या. कारागिरी म्हणून त्या पाहाव्यात अशाच आहेत. मात्र त्या पाहताना त्याच तटाच्या आत असलेल्या कैद्यांची आठवण आमच्यासारख्याला टाळता येत नाही.

कूर्गचा तरुण राजा दोड्ड वीरराजेंद्र हाही टिपूच्या कैदेतच होता. १७८८ च्या अखेरीस तो पेरियापट्टणहून निसटला आणि त्याने आपला मुलूख परत मिळवला. तिसऱ्या युद्धात, १७९१ साली, जनरल अॅबरक्रॉम्बीच्या हाताखालील मुंबईची फौज त्याच्या मुलखातून घाट चढून म्हैसुरात उतरली. दुसऱ्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही श्रीरंगपट्टणकडे आल्या होत्या. १७९२ च्या तहानंतर राजाने विराजपेठ वसवले आणि टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या कॅथोलिक कुटुंबांना तेथे आश्रय दिला. त्यांच्या मंदिरासाठी जागा दिली. आम्ही ज्या मंदिरात मिस्सा अर्पण केली त्याचे मूळ हे असे आहे. एका लढवय्या हिंदू राजाने, ज्याने स्वतः कैद भोगली होती, दुसऱ्या कैद्यांना घर दिले. कूर्गच्या बंदुकांची कथा सांगताना ही गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू लढता लढता मारला गेला. किल्ल्यात ९२९ तोफा आणि सुमारे ९९ हजार बंदुका विजेत्यांच्या हाती लागल्या. लुटीची हुद्द्याप्रमाणे वाटणी झाली. जे कॅथोलिक जिवंत होते ते मोकळे झाले. त्यांतील बरेच मंगळूरला परतले आणि मागे राहिलेल्यांना पुन्हा एकत्र आणण्याचे काम अॅबे द्युब्वा या फ्रेंच धर्मगुरूंनी केले. टिपूच्या खास बंदुका मात्र जहाजांत चढून विलायतेला गेल्या. काही राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला गेल्या, काही कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या घरी भिंतीवर लागल्या आणि दोन-तीन पिढ्यांनंतर माळ्यावर जाऊन पडल्या. एप्रिल २०१५ मध्ये लंडनला एका संग्राहकाने जमवलेल्या टिपूच्या तीस वस्तूंचा लिलाव झाला. त्यांची एकंदर किंमत साठ लाख पौंडांवर गेली. त्यातील एका बंदुकीलाच सात लाखांहून अधिक पौंड मिळाले. मार्च २०१९ मध्ये इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातील एका घराच्या माळ्यावर सापडलेली चांदीने मढवलेली बंदूक साठ हजार पौंडांना विकली गेली. ती त्या घरात वारशानेच आली होती. कंपनीच्या एका मेजराने ती नेली होती आणि त्याच्या वंशजांना आपल्या माळ्यावर काय आहे याची कल्पनाही नव्हती.

वाचकहो, येथे दोन वारसे समोरासमोर उभे राहतात. एक बंदूक लाखो पौंडांची, पण ज्या घरात होती त्या घराला तिची ओळख नाही. दुसरी बाजारात नेली तर तिला कदाचित मोठी किंमतही येणार नाही, पण त्या घरातील लहान मूलही सांगेल की ती कोणत्या पणजोबांची. कोणती बंदूक खरी वारशाची, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

कूर्गच्या घराघरांत या बंदुका टिकल्या कशा, हेही पाहण्यासारखे आहे. १८३४ साली इंग्रजांनी शेवटच्या राजाला पदच्युत करून कूर्ग खालसा केले. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानभर प्रजेची शस्त्रे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. कूर्गमध्ये मात्र १८६१ साली कमिशनर मार्क कबन याने कोडवांना त्या कायद्यातून सूट दिली. ही मेहेरबानी होती तशी बक्षिसीही होती. कोडव इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले होते, आणि सत्ताधाऱ्याला आपला कोण आणि परका कोण हे शस्त्रांच्या हिशेबाने मोजण्याची सवय असतेच. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा आला. त्याच्या ४१ व्या कलमाखाली केंद्र सरकारने ही सवलत चालू ठेवली. त्यामुळे जन्माने कोडव असलेल्यांना आणि जम्मा जमीनधारकांना ठरावीक प्रकारच्या बंदुकांसाठी परवाना लागत नाही. जातीवरून आणि जमिनीवरून अशी सवलत देणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, अशी याचिका कर्नाटक उच्च न्यायालयात झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. केंद्र सरकारने २०१९ साली दिलेली मुदत ऑक्टोबर २०२९ पर्यंतची आहे.

याचिका फेटाळली गेली तरी तिच्यामागील प्रश्न क्षुल्लक नव्हता, असे आम्हांला वाटते. शेजारच्या घरात परवान्यासाठी हेलपाटे आणि याच्या घरात नुसता नमस्कार, हे दुसऱ्याला खुपणारच. बाकीच्या देशात वारशाने आलेल्या बंदुकीलाही कायद्याची चौकट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वडिलोपार्जित बंदुकाही त्या दोनांतच मोजल्या जातात आणि जास्तीच्या जमा कराव्या लागतात. वडिलांची आठवण म्हणून बंदूक ठेवणाऱ्याला हे जड जाते. पण मृत माणसाची आठवण जिवंत माणसाच्या जिवापेक्षा मोठी नसते, हे कायद्याने सांगितले तर त्यात त्याचे काय चुकले?

तरीही कूर्गमध्ये त्या बंदुकीचे काय करतात हे पाहिल्याशिवाय निवाडा करू नये. सप्टेंबरच्या आरंभी, बहुतेक ठिकाणी ३ तारखेला, तेथे 'कैलपोद' हा सण असतो. 'कैल' म्हणजे शस्त्र. भातलावणीच्या दिवसांत शस्त्रे घराच्या पूजेच्या खोलीत ठेवून दिलेली असतात. हातात नांगर असताना बंदूक धरावयाची नाही, असा संकेत. लावणी संपली की बंदुका बाहेर काढतात, पुसून स्वच्छ करतात, चंदनाचा टिळा लावतात आणि नळीवर एक लालपिवळे फूल खोवतात. त्या फुलाला त्यांच्या भाषेत 'तोकपू' म्हणजे बंदुकीचे फूल असेच नाव आहे. आम्ही ते नीट पाहिले तर ती आपली कळलावी! पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणावर चढते तीच. आपण तिच्या नावाने भांडण लावणाऱ्याला हिणवतो आणि कोडव ती शस्त्राच्या तोंडावर खोवतात. पूजा झाल्यावर वडीलधारा माणूस घरातल्या तरुणाच्या हाती बंदूक देतो. मग झाडावर उंच बांधलेल्या नारळावर नेम धरण्याची चढाओढ लागते. आता तिच्यात स्त्रियाही उतरतात.

घरात मुलगा जन्मला की एक बार काढतात. पूर्वी एरंडाच्या काठीचे चिमुकले धनुष्य करून ते बाळाच्या हातालाही लावीत. मृत्यू झाला की लागोपाठ दोन बार होतात. ज्या डोंगरात घरे एकमेकांपासून लांब आहेत, तेथे ही एक प्रकारची घंटाच. आवाज मोजून शेजारी कामे टाकतात आणि त्या घराकडे निघतात. 'पुत्तरी' या सुगीच्या सणाला नव्या भाताची पहिली पेंढी कापतानाही बार काढतात. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली. त्यामुळे एके काळी रानडुकराच्या मागे धावणारी बंदूक आता बहुतांशी जन्म, मृत्यू आणि सुगी यांचीच सोबतीण झाली आहे. याच मुलखाने देशाला फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या दिले. थिमय्यांचे मडिकेरीतील राहते घर २०२१ साली संग्रहालय म्हणून खुले झाले.

तलवारींचे नांगरफाळ होतील असे स्वप्न यशया प्रवक्त्याने पाहिले. कूर्गमध्ये ते पुरे झाले आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण नांगर चालू असताना शस्त्र देवापुढे ठेवावे, ही शिस्त त्या स्वप्नाकडे जाणाऱ्या वाटेवरची आहे, असे म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

त्या दिवशी निघण्यापूर्वी घडलेली एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. आम्ही कुतूहलाने ती जुनी बंदूक हाती घेऊ लागलो तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांला थांबवले. त्यांनी नळीत गज घातला, तो तळापर्यंत जातो का हे अंगठ्याने खूण धरून पाहिले, आणि मगच बंदूक आमच्या हाती दिली. आमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न पाहून ते म्हणाले, "ठासणीच्या बंदुकीचा भरवसा नाही, फादर. एखाद्या आजोबाने बार भरून ठेवलेला असतो आणि तो मरून जातो. वरून काहीच कळत नाही. नातवाच्या हातात ती उडते."

परतीच्या प्रवासात तो शब्द आमच्या मनातून जाईना. मंगळूरच्या कॅथोलिकांची कैद खरी होती, कोडवांची कैद खरी होती. आपल्या वसईचाही इतिहास असाच आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि आपल्या मंदिरांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावरच्या देवळांत गेल्या. मेणवलीच्या घाटावरची घंटा आजही तेथे आहे. त्याआधी पोर्तुगीज राजवटीत आपल्या शेजाऱ्यांच्या देवळांचे काय झाले, तेही तितकेच खरे आहे. यांतील एकही पान इतिहासातून फाडून टाकू नये. जो आपला भूतकाळ विकतो त्याची गत त्या माळ्यावरच्या बंदुकीसारखी होते. पण ही आठवण पुढच्या पिढीच्या हाती देण्यापूर्वी आपण नळीत गज घालून पाहिला आहे काय? वाडवडिलांच्या रागाचा बार तिच्यात अजून ठासलेला तर नाही ना?

टिपूच्या वंशजांशी, पेशव्यांच्या वंशजांशी आज आपल्या मुलांचे कोणतेही भांडण नाही. ती एकाच शाळेत जातात, एकाच गाडीने प्रवास करतात. त्यांना आपण इतिहास सांगावा, सबंध सांगावा, त्यातील अश्रूंसह सांगावा, आणि विराजपेठेत कैद्यांना जागा देणाऱ्या राजाचे नाव त्यात विसरू नये. बंदूक भिंतीवर राहू द्यावी. बार तेवढा आपल्याच हयातीत, आपल्याच हाताने, काढून टाकावा.